पेटीतली नदी: उगमापासून मुखापर्यंत वाळूत नदी वाहती करण्याची रीत

वाळूचा उतरता ढीग, वरून नळाची धार आणि दोन मिनिटांत पेटीच्या तळापर्यंत खणला गेलेला एक सरळ चर. प्रदर्शनांत मांडलेल्या बहुतेक नद्या इथेच संपतात. वळण नाही, पूरमैदान नाही, त्रिभुज प्रदेशाच्या जागी वाळूचा नुसता ढिगारा. दोष वाळूचा नसतो. पाणी गरजेच्या दुप्पट-तिप्पट सोडलेलं असतं, उतार त्याहून जास्त असतो, वरून गाळ कोणी घालत नाही आणि खालच्या समुद्राची पातळी कोणी धरून ठेवत नाही.

पाणी, उतार, गाळ आणि मुखाकडची पातळी या चार गोष्टी हातात ठेवल्या, तर त्याच वाळूत दरी, पंखाकृती मैदान, नागमोडी वळणं, त्रिभुज प्रदेश आणि धबधबा हे सगळं दिसतं. फक्त क्रम पाळावा लागतो.

खालची मापं १२० सेंमी लांब, ४० सेंमी रुंद आणि १० सेंमी खोल पेटीसाठी आहेत. पेटी रुंद असेल तर पाणी वाढवा, उतार वाढवू नका. वाळूची तयारी आदल्या दिवशी उरका. प्रयोगाला स्वतंत्र पाच-सहा तास हवेत.

## टप्पा १: वाळू तयार करणे

अंदाजे ३५ किलो कोरडी वाळू घ्या. त्यातली ३० किलो पेटीत जाईल, उरलेली वरून घालायला लागेल. कण साधारण ०.३ ते १ मिमीचे हवेत. खिडकीच्या डासजाळीची भोकं सुमारे १.२ मिमीची असतात, त्यामुळे जाड कण काढायला तीच चाळण पुरते. वाळू फारच बारीक असेल तर पात्रात लहरी आणि खळगे उठतात आणि बाकीचं काही नीट दिसत नाही.

आता धुवा. बादली अर्धी वाळूने भरा, वर पाणी घाला, तळापासून ढवळा आणि गढूळ पाणी ओतून द्या. पाच-सहा वेळा तरी करावं लागतं. खडी फोडून केलेली वाळू असेल तर याच्या दुप्पट, कारण तिच्यात भुकटी फार असते.

तपासा: ढवळणं थांबवल्यावर दहा सेकंदांत पाण्यातून वाळूचा पृष्ठभाग दिसला पाहिजे.

माती धुवून काढली तरी आता वेगळी माती मोजून घालायची आहे, आणि इथे अनेकांचा गोंधळ होतो. धुताना जाते ती किती आणि कसली माती, हे आपल्याला माहीत नसतं. ती पंप बंद पाडते आणि पाणी गढूळ करते. पण चिकणमाती अजिबात नसेल तर काठ उभे राहत नाहीत. म्हणून मैदानी भागासाठी १९ किलो वाळू वेगळी काढा आणि तिच्यात १ किलो वाळवून कुटलेली शाडू माती कोरडीच मिसळा. मातीचे अतिसूक्ष्म कण एकमेकांना धरून राहतात. म्हणूनच घट्ट बसलेली चिकणमाती उखडायला पाण्याला मध्यम वाळूपेक्षा जास्त वेग लागतो. कणाचा आकार आणि तो उचलायला लागणारा पाण्याचा वेग यांचा जो आलेख यॉल्स्ट्रोम या संशोधकाने १९३५ साली मांडला, त्याचा वरवर विचित्र वाटणारा भाग तो हाच.

उरलेल्या ११ किलो वाळूत २-३ मिमीची रंगीत खडी अर्धा किलो मिसळा. फिशटँकमध्ये घालतात ती चालते. हे मिश्रण डोंगराळ भागासाठी.

## टप्पा २: पेटी, उतार आणि समुद्र

पेटी वॉटरप्रूफ प्लायची करून आत जाड प्लास्टिकचा एकसंध कागद अंथरा. खालच्या टोकाशी तळाला भोक पाडून त्यात रबरी वॉशरसह २० मिमीची उभी नळी बसवा. नळी वर-खाली सरकली पाहिजे, पण वॉशरमधून गळता कामा नये. तिचं वरचं तोंड तळापासून ४.७ सेंमीवर ठेवा. जादा पाणी त्या तोंडातून बाहेर पडेल, म्हणजे नळीची उंची हीच समुद्राची पातळी.

वरच्या टोकाखाली २.४ सेंमीचे ठोकळे द्या. १२० सेंमीला २.४ म्हणजे २ टक्के उतार. डोळ्यांना तो जवळजवळ सपाट वाटतो आणि हात आणखी एक ठोकळा सरकवायला शिवशिवतात. सरकवू नका.

सावध: ओली वाळू आणि पाणी धरून वजन पन्नास किलोच्या घरात जातं. पेटी कायमच्या जागी ठेवूनच भरा.

तपासा: पाणसळ आडवी ठेवून पाहा. डावी-उजवी बाजू दोन-तीन मिलिमीटरने जरी कमी-जास्त असली, तरी नदी एका भिंतीला चिकटते आणि शेवटपर्यंत तिथून हलत नाही.

## टप्पा ३: वाळू लावणे

वरच्या टोकापासून अंतर मोजत तीन पट्टे आखा.

- ० ते २५ सेंमी, डोंगराळ भाग: रंगीत खडीचं मिश्रण. टोकाशी थर ८ सेंमी, २५ सेंमीपर्यंत उतरत ५.५ सेंमी.
- २५ ते ८५ सेंमी, मैदान: माती मिसळलेली वाळू, सगळीकडे सारखा ५ सेंमी थर.
- ८५ ते १२० सेंमी, समुद्र: इथे वाळू नाही.

मैदान भरताना ६० ते ६८ सेंमीच्या दरम्यान शाडूची ओली, मळलेली लादी पुरा. जाडी १ सेंमी, लांबी नदीच्या दिशेने ८ सेंमी आणि रुंदी पेटीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. लादीच्या वर १.२ सेंमी वाळू राहू द्या आणि खालीही मोकळी वाळूच असू द्या. ती शेवटच्या टप्प्यापर्यंत पुरलेलीच राहील. रुंदीला लादी अपुरी पडली तर नदी तिला वळसा घालून निघून जाईल.

पृष्ठभाग लाकडी पट्टीने सारखा करा, थापटून घट्ट करू नका.

## टप्पा ४: भिजवणे

पाणी समुद्राच्या बाजूने, सावकाश ओता. नळीच्या तोंडापर्यंत आलं की थांबा, वाळूने शोषलं की पुन्हा भरा. अर्धा-पाऊण तास लागतो. डोंगराळ भाग वरून स्प्रे बाटलीने ओला करा.

घाईने वरून पाणी ओतलं तर वाळूत हवा कोंडते. नंतर तिचे बुडबुडे मैदानात फुटतात, तिथे खळगे पडतात आणि नदी त्या खळग्यांकडे वळते. बघणाऱ्याला ते वळण नदीने घेतलंय असं वाटतं.

## टप्पा ५: पाण्याचं माप

फिशटँकचा छोटा पंप, नळी आणि नळीवर तोटी एवढं पुरेसं आहे. उभ्या नळीतून येणारं पाणी आधी एका बादलीत पडू द्या, तिथे वाळू खाली बसेल. ती बादली भरून वाहील ते पाणी दुसऱ्या बादलीत घ्या आणि पंप त्या दुसऱ्या बादलीत, विटेवर ठेवा. पंप नसेल तर उंचावर २० लिटरचा कॅन ठेवूनही काम भागतं, पण नेहमीच्या प्रवाहाला तो २२ मिनिटांत रिकामा होतो. शिवाय कॅनमधली पातळी उतरेल तसा प्रवाहही मंदावतो, म्हणून तो सतत भरत राहावा लागतो.

लिटरचं भांडं आणि घड्याळ घेऊन तोटीवर तीन खुणा करा:

- संथ: सेकंदाला ८ मिली (लिटर भरायला १२५ सेकंद)
- नेहमीचा: सेकंदाला १५ मिली (६७ सेकंद)
- पूर: सेकंदाला ३५ मिली (साधारण २९ सेकंद)

नळीची धार थेट वाळूवर पडू देऊ नका. वरच्या टोकाशी गोट्यांनी भरलेली वाटी ठेवा आणि पाणी तिच्या काठावरून पाझरू द्या. हे टाळलं तर धार जिथे पडते तिथे खड्डा होतो आणि त्या खड्ड्यातली सगळी वाळू खाली येऊन पुढचे सगळे टप्पे बिघडवते.

सावध: पंपाची वायर प्लगकडे जाताना आधी खाली झोल घेऊन मग वर चढली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोलाशीच गळून पडतं. ओल्या हाताने प्लग काढू नका.

## टप्पा ६: डोंगराळ भाग आणि पायथा

संथ प्रवाह सोडा. चर कोरून ठेवू नका; आधी पाणी पातळ पसरेल, मग बोटभर रुंदीचे ओहोळ होतील आणि त्यांतला एक बाकीच्यांचं पाणी ओढून घेईल. पहिली दहा-पंधरा मिनिटं वरून वाळू घालायची नाही. नदी इथे खोल खणते.

दरी मात्र व्ही आकाराची होत नाही, तिच्या भिंती जवळजवळ उभ्या राहतात. ओलसर वाळूचे कण पाण्याच्या पातळ थराने एकमेकांना धरून असतात, म्हणून भिंती कोसळत नाहीत. स्प्रे बाटलीने दोन्ही बाजूंवर बारीक पाऊस पाडा. भिंती घसरतील, घसरलेली वाळू नदी उचलून नेईल आणि दोन्ही बाजू तिरक्या होतील. नदी स्वतः खोलच खणते. दरीला व्ही आकार येतो तो पाऊस, झीज आणि घसरणीमुळे. कडक खडकात बाजू टिकून राहिल्या तर घळई उरते.

पात्राच्या तळाशी बघा. बारीक वाळू निघून जाते आणि रंगीत खडी मागे राहते. थोड्या वेळाने खडीचं आवरण तयार होतं आणि खणणं मंदावतं.

२५ सेंमीच्या रेषेवर उतार एकदम तुटतो आणि तिथे वाळू पंख्यासारखी पसरते. पंख्यावर प्रवाह एका जागी ठरत नाही. जिथे गाळ साठतो तिथली पातळी उंचावते आणि पाणी शेजारच्या सखल भागात उडी घेतं. कोसी नदी हिमालयातून उतरल्यावर हेच करते. ऑगस्ट २००८ मध्ये तिने नेपाळमध्ये बांध फोडला आणि पाणी जुन्या, सोडून दिलेल्या वाटांनी बिहारमध्ये उतरलं.

पंखा वीतभर रुंद झाला की पाणी बंद करा.

## टप्पा ७: नागमोडी वळणं

सगळ्यात जास्त प्रयोग फसतात ते इथे, म्हणून इथे वेळ द्या.

मैदानात वाहून आलेली वाळू पट्टीने काढून पृष्ठभाग पुन्हा सारखा करा. पंख्याच्या टोकापासून समुद्रापर्यंत ३ सेंमी रुंद, ६ मिमी खोल चर कोरा. चराचा पहिला तुकडा सरळ खाली न नेता ३०-४० अंश तिरका न्या. १९४५ साली अमेरिकेतल्या व्हिक्सबर्गच्या प्रयोगशाळेत फ्रीडकिन या संशोधकाने नागमोडी पात्रं मिळवली तीही पाणी असं तिरकं सोडूनच. सरळ चरात वळण आपोआप सुरू व्हायची वाट पाहिली तर दिवस मावळतो.

नेहमीचा प्रवाह सोडा आणि आता वरून वाळू घालायला लागा: मिनिटाला एक चहाचा चमचा, म्हणजे सुमारे ८ ग्रॅम कोरडी वाळू, वाटीच्या पुढ्यात. नदीच्या हाताला गाळ नसेल तर ती स्वतःचाच तळ खात बसते. धरणाखाली पात्र खोल जातं त्याचंही कारण हेच.

तपासा: वाटीपुढची पातळी दर दहा मिनिटांनी पट्टीने मोजा. चढत असेल तर वाळू कमी करा, उतरत असेल तर वाढवा. चमच्याचं माप फक्त सुरुवातीचं आहे, खरं माप ही पट्टी सांगते.

२०-३० मिनिटांत बाहेरचा काठ ढासळायला लागतो आणि आतल्या बाजूला वाळूची चंद्रकोर वाढते. पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा चिमट्याने वळणाच्या मधोमध तळावर ठेवा. जांभळी रेघ सरळ खाली न जाता तळालगत आतल्या काठाकडे सरकते. वर तरंगणारा कागदाचा बारीक तुकडा मात्र बाहेरच्या काठाला जाऊन आपटतो. बाहेरून उखडलेली वाळू आतल्या काठाशी बसते असं पुस्तकात वाचतो. ती तशीच समोरासमोर ओलांडून जात नाही; बरीचशी पुढच्या वळणाच्या आतल्या काठावर बसते.

वळणांमधलं अंतर पात्राच्या रुंदीच्या साधारण ११ पट असतं. ३ सेंमीच्या पात्राला एक पूर्ण नागमोड ३३ सेंमीची, म्हणजे ६० सेंमी मैदानात दोनसुद्धा पूर्ण बसत नाहीत. पात्र रुंदावून ५-६ सेंमी झालं तर एकच बसेल. म्हणून काठ टिकवणं महत्त्वाचं.

नदी वेणीसारखी फाटली तर: पात्र रुंद आणि उथळ होऊन मधे वाळूची बेटं उठली, म्हणजे काठ कच्चे पडले किंवा वरून वाळू जास्त झाली. प्रथम वाळू निम्मी करा. तरीही सुधारलं नाही तर प्रवाह १० मिलीवर आणा. उतार वाढवून वेणी मोडत नाही, आणखी वाढते. खात्रीचा उपाय वेळखाऊ आहे: मैदानावर दर चौरस सेंमीला एक-दोन लसूणघासाचं बी पेरा आणि सात-आठ दिवसांनी, मुळं धरल्यावर प्रयोग पुढे न्या. २००९ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत टिकाऊ नागमोडी नदी मिळवली ती लसूणघासाच्याच मुळांवर.

## टप्पा ८: पूर

वळणं ठळक झाल्यावरच पूर आणा. पेलाभर पाण्यात दोन चमचे रंगीत बारीक भुकटी (विटेची चालेल) ढवळून वाटीत ओता आणि लगेच तोटी पुराच्या खुणेवर न्या. २०-३० सेकंदांनी पुन्हा नेहमीच्या खुणेवर आणा.

पाणी काठ ओलांडतं, पसरतं, उथळ होतं आणि वेग गमावतं. जाड कण काठालगत पडतात, बारीक दूर जातात. पहिल्याचा पूरतट होतो, दुसऱ्याचं पूरमैदान. पूरतट एका पुरात जेमतेम मिलिमीटरभर उठतो. बॅटरीचा उजेड आडवा टाकला तरच दिसेल.

नालाकृती सरोवर एवढ्या पेटीत आपोआप होणं अवघड आहे. वळणाची मान, म्हणजे त्याच्या दोन टोकांमधली चिंचोळी पट्टी, बोटाच्या जाडीएवढी राहिली तर पुराआधी तिच्यावर सुईने रेघ ओढून ठेवा. पूर तिथून घुसतो, नवी वाट जास्त उताराची असल्यामुळे पाणी तीच धरतं आणि जुन्या वळणाची दोन्ही तोंडं वाळूने बुजतात. ही मदत आपण केली आहे, हे बघणाऱ्यांना सांगा.

सावध: एकूण तीन पूर पुरेत. मिनिटाहून लांबलेला पूर पात्र रुंद करतो आणि तासाभराची वळणं पुसून टाकतो.

## टप्पा ९: मुख

त्रिभुज प्रदेश आतापर्यंत तुमच्या नकळत तयार झालेला असतो. समुद्राची पातळी हलली नसेल तर तो बिघडत नाही. त्याचा समुद्राकडचा कडा ३० अंशांहून थोडा जास्त उतरता असतो, कारण पाण्यात वाळू साधारण तेवढ्याच उतारावर टिकते. मुखावर रंगाचा थेंब टाकून कोणती शाखा चालू आहे ते पाहा. पाच-दहा मिनिटांनी दुसरीच चालू असते.

वरून कमी गाळ आला आणि लाटा-भरतीने तो उचलून नेला तर त्रिभुज प्रदेश होत नाही, उघडी खाडी राहते. नर्मदा आणि तापी याची उदाहरणं. वरून वाळू बंद करून समुद्रात पट्टीने सलग लाटा दिल्यास मुखाचा आकार कसा बोथट होतो ते दिसेल.

## टप्पा १०: समुद्र उतरवणे, म्हणजेच धबधबा

धबधबा पहिल्यांदा करायला जाऊ नका. डोंगरात कडक थर पुरला तरी खालचा तळ उतरत नाही तोवर तो उघडा पडत नाही. खालचा तळ उतरवायचा तर मुखाकडची पातळी उतरवावी लागते.

सुरुवातीआधी दीर्घ छेद, म्हणजे उगमापासून मुखापर्यंतच्या पात्राच्या तळाची रेषा, मोजा. पेटीच्या दोन टोकांना पाणसळीत दोरा ताणा आणि दर ५ सेंमीवर दोऱ्यापासून पात्राच्या तळापर्यंतचं अंतर लिहा. ० ते ८५ मिळून १८ नोंदी होतात. आलेखावर उभं माप आडव्याच्या पाचपट घ्या, नाहीतर सगळं सपाट दिसेल. उगमाकडे उभा आणि मुखाकडे पसरट असा अंतर्वक्र छेद आला तर नदी नीट बसली आहे.

आता नेहमीचा प्रवाह आणि वाळू चालू ठेवून उभी नळी मिनिटभरात २ सेंमी खाली सरकवा. मुखाशी एक पायरी तयार होते आणि ती उगमाकडे मागे मागे सरकते. मोकळ्या वाळूत ती चालताना पसरट होत जाते. शाडूच्या लादीशी पोचली की अडते. लादीखालची वाळू पाणी कोरतं, खाली डोह पडतो, लादीचा कडा अधांतरी होतो आणि तुकडा तुटून पडतो. धबधबा तेवढा मागे जातो. नायगारा असाच मागे गेला आहे, सुमारे १२ हजार वर्षांत ११ किमी.

लादीच्या खालच्या बाजूला नदी खोल गेल्यामुळे जुनं पूरमैदान काठावर पायऱ्यांसारखं उंच उरतं. त्या पायऱ्यांवर विटेची भुकटी अजून दिसत असेल.

तपासा: दीर्घ छेद पुन्हा मोजा आणि आधीच्या आलेखावर दुसऱ्या रंगाने काढा. लादीच्या वरचा भाग जवळपास तोच राहिला आणि खालचाच उतरला असेल, तर प्रयोग जमला. वरचा भागही उतरला असेल तर लादी बाजूने फुटली आहे किंवा वरून घातलेली वाळू कमी पडली.

पेटीतल्या मिनिटांची वर्षं करू नका. इथे पाण्याची खोली, कणांचा आकार आणि माती यांचं प्रमाण खऱ्या नदीशी जुळत नाही. जुळतो तो घडण्याचा क्रम.

## आवरताना

पंप बंद करा, समुद्र आटू द्या आणि वाळू तासाभराने काढा. बेसिनमध्ये किंवा गटारात ती टाकू नका. पाइपच्या वळणात बसून घट्ट होते. माती मिसळलेली वाळू वेगळ्या पोत्यात भरा आणि पोत्यावर प्रमाण लिहून ठेवा. पंप स्वच्छ पाण्यात पाच मिनिटं चालवून मगच ठेवा.